विनाशिकेचा सुटा भाग घडवताना: विदर्भातल्या लहान वर्कशॉपसाठी मार्गदर्शन

आपल्या भागातल्या लेथवर येणारे काम ओळखीचे असते. जिनिंगमधल्या रेच्याचा रोलर, मळणीयंत्राची पुली, विहिरीवरच्या पंपाचा शाफ्ट, ट्रॉलीच्या चाकाचा हब. भाग झिजला की माणूस तो पिशवीत घालून आणतो, आपण तो न्याहाळतो, तसाच दुसरा घडवून देतो, आणि तो नीट बसला नाही तर दिवेलागणीच्या आत तोच माणूस दारात उभा असतो. युद्धनौकेच्या सुट्या भागाला ही सोय नाही. ज्या विनाशिकेत आपला बुश, म्हणजे शाफ्टभोवती बसणारी धातूची नळी, बसणार आहे ती विनाशिका आपण बहुधा कधीच पाहणार नाही. तो बसवणारा फिटर मुंबईच्या किंवा विशाखापट्टणमच्या गोदीत असतो, आणि भाग बसला नाही हे आपल्याला कळेपर्यंत महिना उलटलेला असतो.

वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात दोन लेथ, एक मिलिंग आणि एक ड्रिलिंग यंत्र एवढ्या बळावर मी वर्कशॉप चालवतो, आणि काही वर्षांपासून एका मोठ्या पुरवठादाराच्या हाताखाली नौदलासाठी लहान भाग घडवतो. अंबाझरी, जवाहरनगर आणि भद्रावती येथील आयुध निर्माणींमुळे व पुलगावच्या दारूगोळा भांडारामुळे संरक्षण खात्याचे काम विदर्भाला परके नाही. नौदलाचे काम मात्र समुद्रकाठच्या लोकांचे, अशी आपली समजूत असते. ती सोडून द्यावी. मात्र या कामात उतरण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी लागते: सुट्या भागाचे चित्र, म्हणजे मापांसह काढलेला आराखडा, आपल्याला अर्धीच माहिती देते. उरलेली अर्धी माहिती ती नौका कोणत्या वर्गाची, कोणी बांधलेली, केव्हा बांधलेली आणि नंतर तिच्यात काय काय बदललेले, यात असते. म्हणून यंत्र सुरू करण्याआधी नौकेची कुळकथा वाचावी.

आधी नौका कोणती ते ओळखावे

विनाशिका म्हणजे नौदलाची वेगवान, मोठी आणि अनेक कामे एकाच वेळी करणारी युद्धनौका. एकाच आराखड्यावर बांधलेल्या अशा नौकांच्या गटाला वर्ग म्हणतात आणि वर्गाला सहसा पहिल्या नौकेचे नाव मिळते. आपल्या नौदलातल्या विनाशिकांच्या सुट्या भागांचा प्रश्न नीट समजायचा असेल तर राजपूत वर्गापासून सुरुवात करावी, कारण पुढच्या सगळ्या अडचणी आणि सगळ्या शिकवणी तिथून निघतात.

या वर्गात पाच नौका होत्या: राजपूत, राणा, रणजित, रणवीर आणि रणविजय. सोव्हिएत संघाच्या काशिन वर्गाच्या आराखड्यात भारताच्या गरजेनुसार बदल करून त्या आजच्या युक्रेनमधल्या मिकोलाइव्ह शहरातल्या '६१ कम्युनार्ड' या गोदीत बांधल्या गेल्या. मागच्या बाजूची जोडतोफ काढून तिथे हेलिकॉप्टरसाठी जागा करणे हा त्यातला मोठा बदल. पाणी-इंधन भरून घेतल्यावरचे संपूर्ण वजन पाच हजार टनांच्या आसपास, लांबी सुमारे १४७ मीटर, आणि चालवण्यासाठी चार गॅस टर्बाइन. काशिन वर्ग हा केवळ गॅस टर्बाइनवर चालणाऱ्या मोठ्या युद्धनौकांतला जगातला पहिला वर्ग होता, आणि त्या टर्बाइनच्या सुरेल घोंघावामुळे सोव्हिएत खलाशी त्या नौकांना 'गाणाऱ्या' नौका म्हणत.

आता तारखा पाहाव्यात, कारण सुट्या भागांचे दुखणे तारखांमध्येच आहे. राजपूत ४ मे १९८० रोजी नौदलात आली आणि २१ मे २०२१ रोजी निवृत्त झाली. म्हणजे ती एकेचाळीस वर्षे सेवेत होती. तिला बांधणारा देश १९९१ मध्ये विसर्जित झाला. याचा अर्थ, या नौकेच्या आयुष्यातली पहिली अकरा वर्षे सोडली तर उरलेली तीस वर्षे तिच्या मूळ कारखान्याचा पत्ता, चलन, कार्यालय आणि देश बदललेला होता. गोदी आणि टर्बाइनचा कारखाना युक्रेनमध्ये गेला, अनेक शस्त्रांचे कारखाने रशियात राहिले, आणि २०१४ नंतर या दोन देशांचे संबंध बिघडून २०२२ मध्ये उघड युद्ध पेटले. एकाच नौकेचे दोन भाग, आणि ते मिळवायचे एकमेकांशी लढणाऱ्या दोन देशांकडून. गनमेटलचा (तांबे-कथिलाच्या मिश्रधातूचा) एक साधा बुश विदर्भातल्या लेथपर्यंत का येतो, याचे उत्तर या वाक्यात आहे.

राजपूत वर्गानंतर मुंबईच्या माझगाव गोदीत आपल्याच आराखड्यावर विनाशिका बांधल्या जाऊ लागल्या. प्रकल्प १५ मध्ये दिल्ली (१९९७), म्हैसूर (१९९९) आणि मुंबई (२००१). प्रकल्प १५-अ मध्ये कोलकाता (२०१४), कोची (२०१५) आणि चेन्नई (२०१६). आणि प्रकल्प १५-ब मध्ये विशाखापट्टणम (२०२१), मोरमुगाव (२०२२), इम्फाळ (२०२३) व सुरत (२०२५). शेवटच्या चौघी सुमारे १६३ मीटर लांब आणि ७,४०० टन वजनाच्या आहेत. या दहाही नौका दिसायला एका घरातल्या वाटतात आणि टर्बाइनच्या बाबतीत त्यांचे नाते मिकोलाइव्हशीच आहे, कारण त्यांची मुख्य टर्बाइने तिथल्याच झोर्या-माशप्रोएक्टची आहेत. पण सांगाड्याचे पोलाद आता आपले, डीएमआर २४९-अ जातीचे, हैदराबादच्या संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेले आणि आपल्याच पोलाद कारखान्यांत तयार होणारे. पुढची ७६ मिलिमीटरची तोफ हरिद्वारला बनते. त्यामुळे एकाच नौकेच्या कागदांत भारतीय मानक, रशियन मानक आणि युरोपीय मानक अशी तिन्ही भेटतात. पुढे चित्र वाचताना हे लक्षात ठेवावे.

दोन सापळे इथेच सांगून ठेवतो. पहिला नावाचा. नौदल जुनी नावे पुन्हा वापरते. राजपूत, राणा आणि रणजित ही नावे १९४९ मध्ये ब्रिटनकडून घेतलेल्या तीन विनाशिकांचीही होती. दिल्ली आणि म्हैसूर ही नावे जुन्या दोन क्रूझरचीही, म्हणजे मोठ्या युद्धनौकांचीही होती. इंटरनेटवर नाव टाकून मिळालेले छायाचित्र किंवा आराखडा भलत्याच नौकेचा असू शकतो. म्हणून नावासोबत नौकेच्या अंगावरचा क्रमांक आणि नौदलात आल्याचे वर्ष ताडून पाहावे. राजपूत वर्गाला डी ५१ ते डी ५५ हे क्रमांक होते.

दुसरा सापळा अधिक महाग पडतो. एकाच वर्गातल्या नौका सारख्या असतात, असे धरून चालू नये. राजपूत वर्गाच्या पहिल्या तिघींवर तीस मिलिमीटरच्या तोफा एके-२३० जातीच्या होत्या, तर रणवीर आणि रणविजय यांच्यावर एके-६३० जातीच्या. ब्रह्मोस क्षेपणास्त्राची नौकेवरून पहिली चाचणी २००३ मध्ये राजपूतवरून झाली; तिच्यावर ते तिरक्या नळकांड्यांत बसवले गेले, रणवीरवर मात्र उभ्या नळकांड्यांत. एवढा मोठा फरक झाला की आसपासचे कंस, पाइप, झाकणे, पंप यांतही फरक होतो. मागणीपत्रात नुसते 'राजपूत वर्ग' लिहिलेले असेल तर कोणत्या नौकेसाठी आणि कोणत्या दुरुस्तीनंतरच्या स्थितीसाठी, हे लेखी विचारावे. फोनवर मिळालेले उत्तर हे उत्तर धरू नये.

आपल्या आवाक्यातले काम

गॅस टर्बाइनची पाती, क्षेपणास्त्राचे भाग, रडारचे भाग हे आपले काम नव्हे, आणि त्याची खंत करण्याचे कारण नाही. पाच-सात हजार टनांची नौका म्हणजे पाण्यावरचे एक गावच असते. तिच्यात समुद्राचे पाणी ओढणारे पंप असतात, आग विझवण्याच्या नळांची मैलभर जाळी असते, जलरोधक दरवाजे, झडपा, गाळण्या, वायुवीजनाचे पंखे, स्वयंपाकघर असते. यांचे बुश, स्लीव्ह, ग्लँड, स्पिंडल, फ्लँज, कपलिंग, दरवाज्याच्या कड्या व बिजागऱ्या, पाइपचे क्लॅम्प, रबराच्या गादीचे धातूचे कवच हे भाग चांगल्या लेथवर आणि चांगल्या हातावर होतात. जिनिंगचा रोलर सरळ आणि समकेंद्री काढणारा टर्नर हे करू शकतो. त्याला नवे शिकावे लागते ते चित्र वाचणे, धातू ओळखणे, माप घेणे आणि कागद ठेवणे; आणि माझ्या मते या चौघांत शेवटचे सर्वांत अवघड आहे.

जुने चित्र वाचताना

राजपूत वर्गासारख्या नौकांच्या भागांची चित्रे सोव्हिएत मानकांनुसार काढलेली असतात. प्रक्षेपणाची पद्धत आपल्यासारखीच, म्हणजे पहिल्या कोनाची असते. आटेही बहुतांशी मेट्रिक असतात. त्यामुळे पहिल्या नजरेला चित्र ओळखीचे वाटते, आणि तिथेच हात फसतो.

पहिली गोष्ट अक्षरांची. रशियन लिपीतली काही अक्षरे इंग्रजीसारखी दिसतात पण त्यांचा उच्चार निराळा असतो. इंग्रजी 'एच'सारखे दिसणारे अक्षर 'न' आहे, 'पी'सारखे दिसणारे 'र' आहे, 'सी'सारखे दिसणारे 'स' आहे, 'एक्स'सारखे दिसणारे 'ख' आहे. धातूचे नाव लिहिताना रशियन पद्धतीत ही अक्षरे मूलद्रव्य दाखवतात. स्टेनलेस पोलादाची एक नेहमी भेटणारी जात '१२, ख, १८, न, १०, त' अशी लिहिलेली असते. सुरुवातीचे १२ म्हणजे कार्बन ०.१२ टक्क्यापर्यंत, 'ख' पुढचे १८ म्हणजे सुमारे १८ टक्के क्रोमियम, 'न' पुढचे १० म्हणजे सुमारे १० टक्के निकेल आणि शेवटचे 'त' म्हणजे थोडेसे टायटॅनियम. आपल्याकडच्या बाजारात ही जात ३२१ या क्रमांकाच्या जवळची आहे. ३०४ नव्हे. टायटॅनियम तिथे वेल्डिंगच्या जोडाजवळ गंज शिरू नये म्हणून घातलेले असते, आणि दुकानदाराने 'स्टेनलेस ते स्टेनलेस' म्हणून ३०४ दिले तर नेमके तेच संरक्षण जाते. जवळची जात वापरायची असेल तर तो निर्णय आपला नसतो. बदल लेखी कळवून मंजुरी घ्यावी.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाच्या त्रिकोणाची. आपल्याकडच्या जुन्या चित्रांत त्रिकोणांची संख्या महत्त्वाची असते: एक त्रिकोण म्हणजे खरबरीत, तीन म्हणजे बारीक फिनिश. जुन्या सोव्हिएत चित्रांत त्रिकोण एकच असतो आणि त्याच्या शेजारी १ ते १४ पैकी अंक असतो. अंक जितका मोठा तितका पृष्ठभाग गुळगुळीत. त्रिकोण आणि ७ म्हणजे खरबरीतपणाची सरासरी १.२५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्रिकोण आणि ६ म्हणजे २.५ मायक्रॉन. आपल्या टर्नरने एक त्रिकोण पाहून रफ कट मारून ठेवला, तर सीलच्या जागी पाणी झिरपणारच. चित्र हातात आले की असे सगळे त्रिकोण आधी लाल पेन्सिलीने आजच्या मापात लिहून घ्यावेत, मगच ते लेथजवळ न्यावे.

तिसरी गोष्ट फिटची, म्हणजे शाफ्ट छिद्रात किती सैल किंवा घट्ट बसावा याची. मापात किती फरक चालेल हे सांगायला आज आपण छिद्रासाठी एच-७ आणि शाफ्टसाठी जी-६ असे लिहितो. जुन्या सोव्हिएत चित्रांत त्याजागी दुसरीच अक्षरे आणि अचूकतेचा वर्ग दाखवणारे अंक असतात. त्यांचे रूपांतर अंदाजाने करू नये, तक्ता पाहून करावे, आणि रूपांतरित आकडे मायक्रॉनमध्ये लिहून मागणीदाराकडून सही करून घ्यावेत.

झिजलेला नमुना समोर असेल तर

पुष्कळदा चित्र नसतेच. जुना भाग कापडात गुंडाळून येतो आणि 'असाच करा' असे सांगितले जाते. अशा वेळी जे दिसते त्याचे माप घेतले, तर आपण नव्या धातूत जुनी झीज घडवून देतो.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. माझ्याकडे पंपाचा एक बुश आला होता. बाहेरचा व्यास पन्नासच्या आसपास, आतला चाळीसच्या. आतल्या व्यासाचे माप मधोमध घेतले तर ४०.३१ मिलिमीटर भरत होते, आणि बुश काटकोनात फिरवून घेतले तर ४०.१४, म्हणजे शाफ्टने एकाच बाजूने तो खाल्ला होता. पण एका टोकाला, तेलाच्या खाचेपलीकडे, साडेतीन-चार मिलिमीटरचा एक काठ असा होता की तिथे शाफ्ट कधी पोहोचलाच नव्हता. तिथे बोअरिंगच्या मूळ बारीक रेषा नखाला लागत होत्या आणि माप ४०.०२ येत होते. तो काठ म्हणजे मूळ कारागिराचे हस्ताक्षर. चाळीसला एच-७ ची मर्यादा शून्य ते अधिक २५ मायक्रॉन असते, ४०.०२ तिच्यात बसते. मग शाफ्टचे माप मागवले आणि ते ३९.९८ आले, जे जी-६ च्या मर्यादेत, म्हणजे ३९.९७५ ते ३९.९९१ मध्ये पडते. दोन्ही बाजू जुळल्या तेव्हाच मूळ आकार ठरला.

नमुना पाहताना म्हणून झिजलेली जागा शेवटी मोजावी; खाचेचा तळ, कॉलरची आतली बाजू, किल्ली बसते ती जागा अशी अस्पर्श ठिकाणे आधी शोधावीत. आणि ज्याच्याशी हा भाग घासतो त्या जोडीदार भागाचे माप मागितल्याशिवाय आकडा कागदावर लिहू नये.

दाबून बसवायच्या बुशबाबत आणखी एक प्रश्न लेखी विचारावा: आतला व्यास बसवण्याआधीचा हवा की बसवल्यानंतरचा? पन्नास मिलिमीटरच्या बुशाला बाहेरून पी-६ ही घट्ट बसणारी मर्यादा दिली, तर तो ५०.०२६ ते ५०.०४२ असतो आणि एच-७ च्या घरात, म्हणजे तो बसतो त्या छिद्रात, जाताना दाबला जातो. बाहेरून दाब आला की आतला व्यास आवळतो. बाकावर अचूक असलेला बुश घरात बसल्यावर शाफ्टला पकडतो तो यामुळेच.

धातू आणि खारे पाणी

आपल्याकडे गंज म्हणजे पावसाळ्यातला तांबूस थर. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात, आणि ते पाणी चोवीस तास भागाला लागून असते. आपण नेहमी वापरतो ते साधे पितळ तिथे टिकत नाही. पाणी त्यातले जस्त हळूहळू ओढून घेते, भागाचा आकार तसाच राहतो, रंग तांबूस-गुलाबी पडतो आणि आतून तो सच्छिद्र व ठिसूळ होतो. म्हणून तिथे गनमेटल, ॲल्युमिनियम ब्राँझ किंवा निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझ मागतात. गनमेटलमध्येही जाती आहेत. तांबे ८५ आणि कथील, शिसे व जस्त प्रत्येकी ५ ही आपल्या मानकातली एलटीबी-२ जात. तांबे ८८, कथील १० आणि जस्त २ ही जुन्या आरमारी परंपरेतली जात. ओतशाळेत 'गनमेटल द्या' एवढेच म्हटले तर भंगारातले पितळ वितळवून आलेला पिवळसर ओतीव तुकडा हातात पडू शकतो. जात क्रमांकासह लेखी मागवावी आणि प्रत्येक ओतीचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. हा खर्च वाचवावासा वाटतो, वाचवू नये.

दोन निराळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की त्यातला एक दुसऱ्यासाठी झिजतो. नौकेच्या पंपांत आणि शीतकांत म्हणूनच जस्ताचे तुकडे मुद्दाम बसवलेले असतात, म्हणजे खाणारे पाणी आधी त्यांना खाते. असा जस्ताचा भाग घडवायला मिळाला तर त्यावर रंग देऊ नये. रंग दिला की त्याचे काम बंद पडते. आणि चित्रात ब्राँझचा बोल्ट असेल तर 'स्टेनलेस अधिक मजबूत' म्हणून तो बदलू नये.

स्टेनलेसवर काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. ज्या ग्राइंडरच्या चाकावर सकाळी नांगराचा फाळ घासला त्याच चाकावर दुपारी स्टेनलेसचा भाग घासला, तर साध्या लोखंडाचे कण त्याच्यात रुततात आणि पंधरा दिवसांत त्यावर गंजाचे ठिपके उठतात. भाग खराब नसतो, पण तपासणारा तो परत पाठवतो आणि बरोबर करतो. स्टेनलेससाठी चाक, तारेचा ब्रश आणि बाक वेगळे ठेवावेत, शक्य तर त्यांना निळा रंग मारून ठेवावा.

मे महिन्यातले माप

आता विदर्भाची खास अडचण. जगभर लांबीची मापे २० अंश सेल्सिअस तापमानाला धरून सांगितली जातात. आमच्या पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये मे महिन्यात दुपारी ४५ अंश असतात आणि भारनियमनाने पंखाही बंद असतो. चाळीस मिलिमीटरचा गनमेटलचा भाग दर अंशाला सुमारे ०.७ मायक्रॉन वाढतो. लेथवरून नुकताच उतरवलेला भाग हवेपेक्षा २५ अंशांनी गरम असेल, तर तो १८ मायक्रॉन मोठा दिसतो. एच-७ ची सगळी मर्यादाच २५ मायक्रॉनची. गरम असताना ४०.०१० दिसलेला बुश गार झाल्यावर ३९.९९२ निघतो, आणि रद्द होतो.

भाग गार झाला तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही. मायक्रोमीटर पोलादाचा आणि भाग ब्राँझचा. दोन्ही ४५ अंशांवर असले तरी ब्राँझ पोलादापेक्षा जास्त फुगलेले असते, आणि चाळीस मिलिमीटरवर हा फरक साडेसहा मायक्रॉनच्या घरात जातो. म्हणून उन्हाळ्यात शेवटचा कट पहाटे घ्यावा. भाग, मायक्रोमीटर आणि मास्टर रिंग (माप ताडून पाहायची प्रमाणित कडी) रात्रभर एकाच लोखंडी थाळीवर एकत्र ठेवावीत, म्हणजे सकाळी तिघांचे तापमान सारखे असते. आम्ही मापाची खोली मातीच्या जाड भिंतींच्या जुन्या कोठारात केली आहे. तिथे दिवसाचा चढउतार थोडा असतो. मास्टर रिंग भागाच्याच धातूची करून प्रयोगशाळेतून प्रमाणित करून घेतली तर ब्राँझ-पोलादाचा फरकही आपोआप निघून जातो. नोंदवहीत मापासोबत वेळ आणि तापमान लिहावे; पुढे वाद झाला तर हीच नोंद उपयोगी पडते.

कागद हा भागाचाच भाग

माझी पहिली चोवीस बुशांची खेप मापाने निर्दोष असूनही परत आली. कारण असे की, धातूच्या दांड्याच्या ज्या टोकावर वितळणीचा क्रमांक (धातू कोणत्या ओतीतला हे सांगणारा) ठोकलेला होता ते टोक माझ्या टर्नरने पहिल्याच दिवशी कापून भंगारात टाकले होते. प्रमाणपत्रावर क्रमांक होता, बुशावर नव्हता, आणि हा कागद याच धातूचा आहे हे सिद्ध करण्याचा कोणताही मार्ग माझ्याकडे उरला नव्हता. तपासणी करणाऱ्याने नियमाप्रमाणेच केले. भर समुद्रात आग विझवणारा पंप बंद पडला आणि त्यातला भाग चुकीच्या धातूचा निघाला, तर त्याच वितळणीचे बाकीचे भाग कोणत्या नौकांवर आहेत हे तासाभरात शोधता आले पाहिजे. तो क्रमांक त्यासाठी असतो.

त्या दिवसापासून आमचा नियम असा आहे. दांडा आला की कापण्याआधी क्रमांकाचा फोटो घ्यायचा, प्रत्येक तुकड्यावर तो क्रमांक ठोकून मगच करवतीला लावायचा, आणि बुश इतका लहान असेल की त्यावर ठोकता येत नाही, तर धातूची छोटी पाटी तारेने बांधायची. प्रत्येक खेपेसोबत धातूचे प्रमाणपत्र, मापांचा तक्ता, मापनयंत्रांची वैध प्रमाणपत्रे आणि चित्राचा क्रमांक त्याच्या सुधारणेच्या अक्षरासह जातो. सुधारणा 'ब'च्या चित्रावर सुधारणा 'अ' प्रमाणे घडवलेला भाग कितीही सुंदर असला तरी उपयोगाचा नाही.

आणि ही चित्रे व्हॉट्सॲपवर फिरवू नयेत. शासकीय गुपिते कायदा १९२३ पासून आहे आणि तो आपल्या वर्कशॉपलाही लागू आहे. चित्र छापील घ्यावे, कुलपात ठेवावे, काम संपल्यावर परत करून पोच घ्यावी.

नोंदणी, निविदा आणि पैसे

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधी करावी. ती सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क होते. तालुक्याला दोन-तीन हजार रुपये मागणारे भेटतात, त्यांना देऊ नयेत. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो, म्हणजे आपल्यातले जवळपास सगळेच. त्यानंतर सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर विक्रेता म्हणून नोंद करावी. संरक्षण मंत्रालयाचे २०२० मध्ये सुरू झालेले सृजन पोर्टल मात्र निवांत बसून वाचावे. आजवर परदेशातून येणारे आणि आता देशात बनवायचे असलेले भाग तिथे सूचीबद्ध असतात, आणि आपल्याला जमण्यासारखा भाग दिसला तर तिथूनच तयारी कळवता येते.

सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्राची खाती व उपक्रम यांनी वर्षाच्या खरेदीतील किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. बयाणा रकमेतूनही सूट मिळते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, आणि तक्रार ऑनलाइन करता येते.

तरीही पहिली दोन वर्षे थेट निविदा भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नागपूर किंवा पुण्याच्या एखाद्या अनुभवी पुरवठादाराचे उपकंत्राट घ्यावे. नफा कमी राहतो, पण तपासणी कशी होते, खेप का परत येते, चाचणीला किती महिने जातात हे दुसऱ्याच्या नावावर शिकता येते. खाऱ्या फवाऱ्याची चाचणी, ज्यात ३५ अंश तापमानाला पाच टक्के मिठाच्या पाण्याचा धुरळा भागावर सतत मारतात, ती निविदेत मागितली असेल, तर तिचा खर्च आणि वेळ दर भरतानाच धरावा.

पाठवणी

भाग धुऊन, कोरडा करून, हाताचा घाम न लागू देता गंजरोधक कागदात गुंडाळावा. घामातले मीठ पोलादावर बोटाचा ठसा कोरते. आत सिलिका जेलची पुडी ठेवावी, पिशवी बंद करावी आणि घासणारे पृष्ठभाग एकमेकांना लागणार नाहीत असे खण पाडावेत. पेटीच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे भागाचा क्रमांक, चित्र क्रमांक, वितळणी क्रमांक, संख्या आणि नौकेचा वर्ग लिहिलेली चिठ्ठी लावावी, कारण नौदलाच्या भांडारात ती पेटी कधीकधी वर्षानुवर्षे बंद राहते आणि बाहेरची चिठ्ठी दमट हवेत गळून पडते. प्रत्येक खेपेतला एक बुश आणि दांड्याचा क्रमांकासह उरलेला एक तुकडा आपल्याकडे तेल लावून ठेवावा, आणि त्यावर खेपेची तारीख लिहावी. आमच्या कोठारात अशा डब्यांची एक फळी आहे. गेल्या पावसाळ्यात एका भागाविषयी विचारणा आली तेव्हा त्या फळीवरचा डबा काढून, माप पुन्हा घेऊन, त्याच दुपारी उत्तर पाठवता आले.